जुन्या टीव्ही गेमच्या डब्यात छोटा कॉम्प्युटर: खान्देशच्या उन्हाळ्यात टिकेल असा

माळ्यावर बंद पडलेला टीव्ही गेम असेल आणि त्याच डब्यात चालता कॉम्प्युटर बसवायचा किडा डोक्यात शिरला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. डबा टीव्हीला जोडला की मुलांचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, थोडंफार प्रोग्रामिंग आणि अर्थातच गेम, एवढं त्यातून आरामात होतं.

यावर वाचायला भरपूर मिळतं, पण लिहिणारे बहुतेक थंड मुलखातले. त्यांची खोली वीस-बावीस अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यांची रीत जशीच्या तशी उचलली तर मशीन डिसेंबरात झकास चालतं आणि एप्रिल लागला की अडखळायला लागतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. यात कॉम्प्युटर हा सोपा भाग आहे. बोर्ड विकत मिळतो, सिस्टीम फुकट मिळते. खरी मेहनत हवा, वीज आणि डब्याची भोकं या तिघांवर लागते. लेखात मी जास्त वेळ तिथेच घेणार आहे.

१. डबा कोणता घ्यायचा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेले टीव्ही गेम हे बहुतेक एकाच मशीनच्या नकला होते. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात फॅमिली कॉम्प्युटर आणला, त्याच्या या प्रतिकृती. नावं वेगवेगळी, आतला मामला तोच: ६० पिनांची कॅसेट, दोन कंट्रोलर, मागे नऊ व्होल्टच्या अॅडाप्टरची पिन. मूळ मशीनचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी दोन किलोबाइट. एवढ्याशा कामाला उष्णता ती किती होणार? त्यामुळे डब्याला हवेची सोय फारशी कुणी ठेवलीच नाही. पुढचे निम्मे उपद्व्याप आपल्याला याच कारणाने करावे लागतात.

नवशिक्याने अशीच नक्कल घ्यावी. प्लास्टिक स्वस्त असतं, साध्या फुलीच्या स्क्रूंनी उघडते, आणि कापाकापी बिघडली तर जीव तुटत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या आसपास किंवा धुळ्याला आग्रा रोडकडे जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांना विचारा. गावातला भंगारवाला तर आहेच. फक्त विकत घेताना झाकण हलवून बघा. आतल्या स्क्रूच्या खुंट्या तुटलेल्या असतील तर झाकण खुळखुळतं आणि ते दुखणं शेवटपर्यंत पुरतं.

दोन गोष्टी टाळा. एक, चालू अवस्थेतला गेम फोडू नका. तो खेळणारा माणूस अजून सापडतो, आणि त्याच्या बदल्यात बंद डबा आनंदाने मिळतो. दोन, पहिल्या प्रयोगाला प्लेस्टेशनसारखं मशीन नको. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये २३० व्होल्ट थेट डब्यात येतात. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या घरात डीसी व्होल्टेज असतं आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतं. ज्याला मल्टिमीटरने ते तपासून उतरवता येत नाही त्याने तिकडे बोट घालू नये.

२. साहित्य आणि अवजारं

सगळं आधी गोळा करा. अर्ध्यात अडलं की डबा पुन्हा माळ्यावर जातो.

- बोर्ड: रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा पूर्ण कॉम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय' म्हणेन), दोन किंवा चार जीबी मेमरीचा. का ते पुढे.
- ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूएसबी-सी पॉवर सप्लाय. मोबाइलचा चार्जर नको.
- ३२ जीबी किंवा मोठं एसडी कार्ड, शक्यतो दोन.
- अॅल्युमिनियमचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा तुकडा, आणि पाच व्होल्टचा ४० मिलिमीटरचा पंखा.
- पॅनेलवर स्क्रूने बसणाऱ्या एक्स्टेंशन केबली: मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय एक, यूएसबी दोन, यूएसबी-सी एक.
- पितळी स्पेसर आणि एम २.५ मापाचे स्क्रू. एम ३ त्या भोकांत जात नाही.
- ३३० ओहमचा रेझिस्टर, जंपर वायरी, हीटश्रिंक नळी.
- सोल्डरिंग आयर्न, कथील, मल्टिमीटर, कानस, पॉलिश पेपर, हॅक्सॉचं तुटकं पातं, छोटी ड्रिल.
- दोन ट्यूबवाला इपॉक्सी.
- डासांच्या जाळीचा तुकडा आणि रबरी पाय.

या यादीत हॉट ग्लू नाही हे लक्षात आलं असेल. थंड प्रदेशातल्या व्हिडिओंत सगळं त्यानेच चिकटवलेलं दिसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद डब्याच्या आत पन्नास-साठ अंश सहज होतात. त्या तापमानाला हॉट ग्लू लिबलिबीत होतो आणि एचडीएमआयचं सॉकेट पहिल्याच जोरकस ओढाताणीत आत जातं. हेच थ्रीडी प्रिंटिंगच्या पीएलए प्लास्टिकचं. ते साठ अंशांच्या आत-बाहेर मऊ पडतं. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणी ब्रॅकेट छापून देणार असेल तर पीईटीजी किंवा एबीएस मागा.

कागदपत्रं म्हणाल तर बोर्डाचं बिल जपून ठेवा आणि एका वहीच्या पानावर तुमच्या वायरींचा नकाशा काढा. कुठल्या पिनला कुठल्या रंगाची वायर, एवढं पुरे. शेवटी ते पान झाकणाच्या आतून चिकटवायचं.

३. उघडणं आणि आतून मोकळं करणं

डबा उलटा करा, स्क्रू काढा. एखादा रबरी पायाखाली किंवा कागदी स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर पेचकस घालून उचकटू नका, राहिलेला स्क्रू शोधा.

आत एक छोटा बोर्ड दिसेल, त्यावर बहुतेक वेळा काळ्या डांबरासारखा गोळा. पूर्ण गेम त्या गोळ्याखालच्या चिपमध्ये असतो. शेजारी पत्र्याची डबी म्हणजे अँटेनाचं आउटपुट, आणि पत्र्याला टेकलेला तीन पायांचा भाग म्हणजे नऊचे पाच व्होल्ट करणारा ७८०५ रेग्युलेटर. बोर्ड बाहेर काढा, पण फेकू नका. पॉवरचं सरकवायचं बटण, रीसेटचं दाबायचं बटण, लाल दिवा आणि कंट्रोलरची सॉकेटं आपल्याला त्यावरूनच लागणार आहेत.

आता धुणं. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कोपऱ्यात अशी बसते की दोनदा धुवावं लागतं. स्टिकरचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा खोबरेल तेलाने जातो. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लांब ठेवा. त्यातला अॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतो आणि डब्यावर कायमचा डाग पडतो. हाच अवगुण दुसरीकडे कामी येतो: डब्याचेच कापलेले तुकडे थोड्या अॅसिटोनमध्ये विरघळवले की घट्ट लगदा होतो, आणि तुटलेली खुंटी त्याने अशी जुळते की जोड सापडत नाही. काचेच्या बाटलीत करा, खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून दूर.

प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर ब्यूटी पार्लरच्या सामानात मिळणारं ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, लावून प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळून उन्हात ठेवतात. हातमोजे आणि चष्मा हवाच. ऊन आपल्याकडे फुकट आहे, पण दुपारचं नको. क्रीम वाळलं की पट्टे उमटतात आणि पातळ झाकण वाकडं होतं. सकाळचं कोवळं ऊन, दर अर्ध्या तासाने बघणं. पुढे काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. मला विचाराल तर तो तसाच राहू द्या, जुन्या वस्तूला शोभतो.

४. बोर्ड: नव्याच्या मागे लागू नका

दुकानदार रास्पबेरी पाय ५ दाखवेल. वेगवान आहे, वाद नाही. पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय लागतो, आणि पंख्यासकट कूलर जवळजवळ सक्तीचा. आपल्या बंद डब्याला आणि आपल्या हवेला पाय ४ जास्त मानवतो. ज्यांना फक्त जुने गेम खेळायचेत त्यांच्यासाठी पाय झिरो २ डब्ल्यू पुरेसा आहे. तो ६५ बाय ३० मिलिमीटरचा आणि कमी तापणारा. मात्र त्याची मेमरी ५१२ एमबीच, त्यामुळे ब्राउझरची चार पानं उघडली की दम लागतो.

ऑफिसांतून निघालेले जुने छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि ताकदीला पायपेक्षा सरस असतात, पण त्यांचा बोर्ड या डब्यांत मावत नाही. तो विचार मोठ्या डब्यासाठी राखून ठेवा.

जुना पाय ४ विकत घेत असाल तर एक खोच आहे. २०१९ च्या पहिल्या आवृत्तीत यूएसबी-सी सॉकेटच्या जोडणीत चूक होती, आणि लॅपटॉपच्या महागड्या चिपवाल्या केबलींवर तो बोर्ड चालूच होत नाही. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. असा बोर्ड मिळाला तर घाबरू नका, साधी केबल वापरा.

५. आधी पुठ्ठ्याचा बोर्ड

बोर्ड येण्याआधीच पुठ्ठ्यातून ८५ बाय ५६ मिलिमीटरचा तुकडा कापा. स्क्रूची चार भोकं एकमेकांपासून ५८ आणि ४९ मिलिमीटरवर येतात. कडेपासून साडेतीन मिलिमीटर सोडून ती टोचा. यूएसबीची दुमजली सॉकेटं धरून उंची वीस मिलिमीटरच्या आत राहते. आता हा पुठ्ठा डब्यात फिरवून बघा.

इथेच नवशिक्यांची पहिली फजिती होते. बोर्ड मावतो, प्लग मावत नाहीत. पाय ४ च्या एका लांब बाजूला वीज, दोन मायक्रो एचडीएमआय आणि ऑडिओ आहे. एका आखूड बाजूला यूएसबी आणि नेटवर्क, आणि समोरच्या आखूड बाजूला खालून एसडी कार्ड. म्हणजे तीन बाजूंनी मोकळी जागा हवी. एचडीएमआयची केबल ताठ असते. प्लग आणि त्यापुढचं वळण मिळून चारेक सेंटिमीटर धरा, नाहीतर काटकोनी प्लग घ्या.

माझी आवडती मांडणी सांगतो. बोर्ड मागच्या भिंतीला समांतर, पण तिच्यापासून चार बोटं आत. वीज आणि एचडीएमआयची बाजू मागे. एक्स्टेंशनची सॉकेटं जुन्या अॅडाप्टरच्या आणि एव्ही पिनांच्या भोकांत, म्हणजे मागची भिंत फार कोरावी लागत नाही. यूएसबीच्या दोन एक्स्टेंशन पुढे, कंट्रोलरच्या सॉकेटांच्या जागी. पुढून बघणाऱ्याला डबा होता तसाच दिसला पाहिजे, निदान माझा तरी हा हट्ट आहे. कापायचं ते मागे आणि खाली.

एसडी कार्डापर्यंत बोट पोचेल एवढी वाट तळाला ठेवा. मोबाइलच्या सिमच्या खिडकीएवढं भोक पुरतं. ते ठेवलं नाही तर दर वेळी कार्ड काढायला सगळा डबा खोलावा लागतो.

कापताना ड्रिलने ओळीत भोकं पाडा, मधलं प्लास्टिक पात्याने तोडा, मग कानस. ड्रिल वेगात चालवली तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोकाभोवती गाठ तयार होते. हळू चालवा. भोक लहान पडलं तर मोठं करता येतं, उलटं होत नाही.

६. वीज

या भागात घाई केलेली मशीनं सगळ्यात जास्त परत उघडावी लागतात.

पहिली गोष्ट, जुन्या डब्याची नऊ व्होल्टची पिन आणि तिचा अॅडाप्टर या कामातून बाद. दुकानात कुणीतरी हमखास म्हणेल, "भो, पिन तर बरोबर बसते, लावून दे ना." लावू नका. पायला पाच व्होल्ट लागतात. शिवाय या जुन्या अॅडाप्टरांत मधली पिन बहुतेक वेळा निगेटिव्ह असते, म्हणजे उलटी वीज. आतला ७८०५ वापरून नऊचे पाच करता येतील असं वाटतं, पण तो एक-दीड अँपिअरच्या पुढे जात नाही आणि उरलेल्या चार व्होल्टांची नुसती उष्णता करतो. बंद डब्यात आणखी एक शेगडी कशाला?

दुसरी गोष्ट, केबलची जाडी. स्वस्त चार्जिंग केबलीत २८ गेजची तार असते. तिचा अवरोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. एक मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर तार, ०.४२ ओहम. बोर्डाने दीड अँपिअर ओढला की ०.६ व्होल्ट वाटेतच खलास. ५.१ मधून निघालेले बोर्डापाशी साडेचारच्या खाली पोचतात, आणि पाय ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकवतो. लोक बोर्डाला शिव्या देतात, दोष त्या केबलीचा असतो. आतली जोडणी ०.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीने करा, ती मीटरला ०.०३५ ओहमच्या आसपास बसते. यूएसबी-सीचं एक्स्टेंशन जितकं आखूड तितकं बरं.

तिसरी गोष्ट, लाईट जाणं. एसडी कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर सिस्टीम खराब होऊ शकते. गावाकडे असाल तर हा धोका रोजचा समजा. उपाय दोन. स्वस्त उपाय म्हणजे रास्पबेरीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम नावाचा पर्याय आहे, तो चालू करणं. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत होतं आणि बंद केल्यावर पुसलं जातं. गेमच्या मशीनला हे उत्तम. पण मुलांनी लिहिलेला निबंधही पुसला जाईल, तेव्हा फाइली पेन ड्राइव्हवर ठेवायची सवय लावा.

दुसरा उपाय, वायफाय राउटरसाठी मिळतो तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस, आणि त्यापुढे बाराचे पाच करणारा पाच अँपिअरचा बक कन्व्हर्टर. कन्व्हर्टर बोर्डाला जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा छोटा स्क्रू फिरवत ५.१ वर आणा. पाकिटातून निघाल्या निघाल्या तो कितीही व्होल्ट देत असू शकतो. वीज बोर्डाच्या यूएसबी-सी सॉकेटमधूनच द्या, पिनांवरून देऊ नका.

आणि पाय ४ ची सगळी यूएसबी सॉकेटं मिळून १.२ अँपिअरच देतात. दोन कंट्रोलर, कीबोर्ड, माउस ठीक. त्यावर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क लावली की कुरकुर सुरू.

७. जुनं बटण, जुना दिवा

मूळ बटणाने मशीन चालू करण्यात वेगळीच मजा आहे, पण इथे एक सापळा आहे. पॉवरचं सरकवायचं बटण थेट विजेच्या वायरीत घालायचा मोह होतो. तसं केलं तर दर वेळी बंद करताना तुम्ही स्वतःच लाईट घालवल्यासारखं होतं, आणि कार्डाचं काय होतं ते वर सांगितलं. पॉवरचं बटण शोभेला ठेवा किंवा पंख्याच्या वेगाला वापरा. ते कसं ते पुढे येईल. कामाचं बटण म्हणजे रीसेट, कारण ते दाबलं की जोडतं आणि सोडलं की सुटतं.

रीसेट बटणाच्या दोन पायांना वायरी सोल्डर करा. एक वायर बोर्डाच्या ५ नंबरच्या पिनला, दुसरी ९ नंबरला, जी ग्राउंड आहे. पिना मोजताना एसडी कार्डाकडच्या टोकापासून सुरू करा. आतली ओळ १, ३, ५, ७ अशी विषम, कडेची ओळ २, ४, ६ अशी सम. मग कार्डावरच्या कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जीपीआयओ शटडाउनची, म्हणजे या पिनेने मशीन बंद करायची, ओळ घाला. आता चालू मशीनवर बटण दाबलं की ते व्यवस्थित बंद होतं, आणि बंद मशीनवर दाबलं की उठतं. उठवण्याची सोय याच ५ नंबरच्या पिनला आहे, म्हणून दुसरी पिन निवडू नका.

सोल्डर करताना बटणाचे जुने पाय आधी पॉलिश पेपरने घासा. इतक्या वर्षांत त्यावर काळपट थर चढलेला असतो आणि कथील पाऱ्यासारखं घरंगळतं. पाय तापवा, मग त्यावर कथील टेकवा. आयर्नच्या टोकावर कथील घेऊन ते पायावर चोपडू नका. पसरून चमकलं की आयर्न उचला. बटणाचं अंग प्लास्टिकचं आहे, जास्त वेळ टेकवलं तर आतून वितळतं.

दिवा ८ नंबरच्या पिनला लावा, मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर, दुसरं टोक १४ नंबरच्या ग्राउंडला. कॉन्फिगरेशनमध्ये यूएआरटी, म्हणजे बोर्डाचं सिरियल पोर्ट, चालू केलं की ही पिन मशीन जागं असताना वीज देते आणि बंद झाल्यावर सोडते. म्हणजे दिवा खरं सांगतो. १ नंबरच्या ३.३ व्होल्टला लावला तर मशीन बंद झाल्यावरही तो जळत राहतो.

८. कंट्रोलर

पहिल्या खेपेला सरळ यूएसबी कंट्रोलर घ्या. जुन्या आकाराचे मिळतात. ज्यांना मूळचेच हवेत त्यांच्यासाठी थोडं खोलात जातो.

या कंट्रोलरात आठ बटणं आणि पाच वायरी: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. जुन्या चांगल्या कंट्रोलरात १६ पायांची ४०२१ चिप असते. वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कारखान्याचा रंग वेगळा. मल्टिमीटर आवाजावर ठेवा, एक टोक वायरीला, दुसरं चिपच्या पायाला. १६ नंबरला वाजली ती वीज, ८ ला ग्राउंड, ९ ला लॅच, १० ला क्लॉक, ३ ला डेटा. ते लिहून ठेवा. मग डब्यात अर्डुइनो प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड बसवा. तो कंट्रोलर वाचतो आणि पायला यूएसबी गेमपॅड म्हणून दिसतो. तयार प्रोग्राम मिळतात.

थेट पायच्या पिनांना जोडणार असाल तर कंट्रोलरला ३.३ व्होल्टच द्या. पाच दिले तर डेटाच्या वायरीवरून पाच व्होल्ट बोर्डात जातात आणि ती पिन मरते, कधी कधी पूर्ण बोर्ड. कंट्रोलरात चिपच्या जागी काळा गोळा निघाला तर फार डोकं लावू नका, यूएसबीवाला आणा.

९. हवा

पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचली की स्वतःच वेग कमी करते, ८५ ला आणखी. ती जळत नाही, पण व्हिडिओ अडकतो, गेमचा आवाज फाटतो.

डब्याची एक देणगी आहे: वर उघडणारी कॅसेटची खाच. गरम हवा वर जाते आणि धुराडं आधीच तयार आहे. पंखा खाचेच्या खाली, हवा वर फेकेल असा बसवा. पंख्याच्या अंगावर बाण असतो, नसेल तर ज्या बाजूला दांड्यांची चौकट दिसते तिकडून हवा बाहेर पडते. आत येणाऱ्या हवेसाठी बोर्डाच्या बरोबर खाली, तळाला चार-पाच मिलिमीटरची भोकं पाडा. कंजूषी नको, पंख्याच्या तोंडाएवढं क्षेत्रफळ तरी एकूण झालं पाहिजे. भोकांवर आतून डासांची जाळी चिकटवा आणि डब्याला दहा मिलिमीटरचे रबरी पाय लावा. पाय नसतील तर डबा टेबलाला टेकतो आणि सगळी भोकं वाया.

खाच उघडी ठेवली तर मशीन बंद असताना वरून धूळ पडते. म्हणून एक मेलेली कॅसेट घ्या, उघडा, आतला बोर्ड काढा. मागच्या बाजूला, जिथे स्टिकर नसतं, तिथे आडव्या चिरा कापा आणि कवच परत लावा. पुढून कॅसेट लावल्यासारखी दिसते आणि हवा तिच्या पोटातून निघून जाते. काही जण कॅसेटीत एसएसडी भरतात. दिसायला छान, पण मग धुराडं बंद. आपल्याकडे मी ते करणार नाही.

पंख्याची लाल वायर ४ नंबरच्या पिनला म्हणजे पाच व्होल्टला, काळी ६ ला. हिवाळ्यात आवाज नको असेल तर लाल वायर १७ नंबरच्या ३.३ व्होल्टवर हलवा, पंखा हळू फिरतो. वर म्हटलेलं शोभेचं पॉवर बटण इथे कामाला येतं. त्याला तीन पाय असतील तर मधल्याला पंखा, एका टोकाला पाच, दुसऱ्याला ३.३. झाला उन्हाळा-हिवाळा स्विच. दोन पाय एकदम जोडले जात नाहीत ना, हे आधी मल्टिमीटरने बघा. जोडले जात असतील तर हा नाद सोडा.

डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर डबा ठेवू नका. गार लागतं खरं, पण कूलर बारीक तुषार आणि पॅडचा कचरा दोन्ही फेकतो.

१०. सिस्टीम टाकणं

हे झटपट. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर हा कार्डावर सिस्टीम लिहिणारा प्रोग्राम उतरवा, ६४ बिटची सिस्टीम निवडा. लिहिण्याआधी सेटिंगमध्ये नाव, पासवर्ड आणि वायफाय भरून टाका. मराठीसाठी देवनागरी फाँट आणि कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. गेमसाठी रिकलबॉक्स, बॅटोसेरा किंवा लाक्का यांपैकी एक दुसऱ्या कार्डावर. तळाच्या खिडकीतून कार्ड बदललं की अभ्यासाचं मशीन खेळाचं होतं. पालकांना दुसरं कार्ड कपाटात ठेवता येतं हा वरचा फायदा.

नकली कार्डांपासून जपा. पाकिटावर १२८ लिहिलेलं असतं आणि आत आठच निघतात, वर लिहिलेला डेटा गुपचूप गायब. नवं कार्ड आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, वापरणं कायदेशीर असलं तरी कॉपीराइट असलेल्या गेमच्या उतरवलेल्या प्रती तशा नसतात. हौशी लोकांनी नव्याने लिहिलेले, मोकळेपणाने वाटलेले गेम भरपूर आहेत, तिथून सुरुवात करा.

घरात अजून जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर पाय ४ च्या ऑडिओच्या भोकातूनच एव्ही सिग्नल मिळतो. कॉन्फिगरेशनमध्ये तो वेगळा चालू करावा लागतो आणि मग एचडीएमआय बंद होतं. केबल चार कड्यांची हवी आणि ग्राउंड आतल्या तिसऱ्या कड्यावर. कॅमेऱ्याच्या जुन्या केबलीत क्रम उलटा असतो, तिने चित्र येत नाही.

११. झाकण कायमचं लावण्याआधी परीक्षा

ही पायरी हिवाळ्यातही करता येते. डबा पूर्ण बंद करा, कॅसेट लावा, पंखा पाच व्होल्टवर. मशीनवर जड काम सुरू करा, म्हणजे एखादा मोठा व्हिडिओ आणि शेजारी ब्राउझरची भरपूर पानं. अर्ध्या तासाने चिपचं तापमान बघा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. हा फरक साधारण कायम राहतो, खोली कितीही गरम असो. डिसेंबरात २२ च्या खोलीत चिप ६५ दाखवत असेल तर फरक ४३. मे महिन्यात खोली ४३ झाली की चिप ८६ ला जाणार, म्हणजे नापास. आपल्याकडे हा फरक ३५ च्या आत यायला हवा, तीसच्या आत आला तर निर्धास्त. जास्त येत असेल तर तळाची भोकं वाढवा, हीटसिंक मोठा लावा, पंख्याभोवतीच्या फटी पुठ्ठ्याने बंद करा म्हणजे तो तीच हवा घोळवत बसणार नाही.

याच अर्ध्या तासात पिवळी वीज एकदाही दिसता कामा नये. दिसली तर सहाव्या पायरीकडे.

१२. नंतरच्या तक्रारी

स्क्रीन काळी, दिवा चालू: मायक्रो एचडीएमआय वीज-सॉकेटच्या बाजूच्या पहिल्या भोकात आहे का बघा, दुसऱ्यातून सुरुवातीला काही दिसत नाही असं होऊ शकतं. प्लग अर्धवट बसलेला असणं हेही नेहमीचंच.

वायफाय कमकुवत: अँटेना बोर्डावरच आहे. डब्यातला जुना पत्र्याचा तुकडा किंवा अँटेनाची डबी तिच्याजवळ राहिली असेल तर काढा.

पंखा घरघरतो: मार्चमध्ये होळीच्या सुमारास आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर डबा उघडून जाळी ब्रशने झाडा. कापूस-केळीच्या हंगामात घर रस्त्याला लागून असेल तर मधे एकदा जास्त. पंखा फुंकताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने गरागरा फिरून वीज उलटी बोर्डाकडे पाठवू शकतो. स्क्रू परत लावताना आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवा, जुन्या आट्यात टक करून बसला की मग आवळा. नवी आटी पडली तर जुनी खुंटी फुटते.